आधी तिथी, मग तिकीट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचे मला पत्र आले. नववीच्या चाळीस मुलांची सहल ते मुंबईला आणणार होते. पत्रात सहलीची आखणी बारकाईने लिहिलेली होती. गाडी किती वाजता पोहोचणार, मुक्काम कुठे, राणीच्या बागेत किती वेळ, जेवण कुठे, सारे काही होते. शेवटी एक ओळ होती, 'सायंकाळी गिरगाव चौपाटी, समुद्रदर्शन, दीड तास.' आणि खाली प्रश्न होता, 'मुलांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. आपण गिरगावचे, म्हणून विचारतो, आणखी काय पाहावे?'

मी उलट टपाली त्यांनाच विचारले, 'त्या दिवशी तिथी कोणती?'

गुरुजींना वाटले असावे की पदार्थविज्ञानाचा हा प्राध्यापक मुहूर्त पाहतो की काय! पण विद्यार्थी मित्रांनो, समुद्राच्या काठी असलेल्या गावाला जायचे तर रेल्वेच्या वेळापत्रकाइतकेच समुद्राचे वेळापत्रकही पाहावे लागते. हे दुसरे वेळापत्रक तुमच्या घरच्या दिनदर्शिकेत, तारखेच्या खाली बारीक अक्षरांत छापलेले असते. ते वाचायचे कसे, हेच आज पाहू.

माझे बालपण खोताच्या वाडीच्या शेजारच्या एका चाळीत गेले. आमच्या दारी मासळीची पाटी घेऊन एक कोळीण मावशी येत असत. काही दिवस पाटी भरलेली असे, तर काही दिवस तळाशी चार बोंबील. आईने भावावरून हुज्जत घातली की मावशी म्हणत, "आज भांग हाय बाय, पान्याला वढ नाय." उधाण आणि भांग हे शब्द मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी जोराची भरती ती उधाणाची, आणि अष्टमीच्या सुमारास येणारी मंद भरती ती भांगाची. मुंबईचे कोळी डोळीचे जाळे समुद्रात एका जागी रोवून ठेवतात. जाळे मासळीच्या मागे जात नाही, भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी जाळ्यात आणून घालतो. भांगात प्रवाह मंद झाला की जाळे रिकामे राहते. मावशींच्या पाटीचा संबंध असा थेट चंद्राशी होता. कॉलेजात गुरुत्वाकर्षण शिकताना मला न्यूटनच्या आधी त्या मावशी आठवल्या होत्या.

आता चंद्र पाणी वर कसे उचलतो ते पाहू. 'चंद्र पाणी ओढतो' एवढे उत्तर परीक्षेत चालून जाते, पण ते अपुरे आहे. सूर्य चंद्रापेक्षा कितीतरी जोराने पृथ्वीला ओढतो, मग भरती मुख्यतः चंद्राची का? याचे उत्तर ओढीत नाही, ओढीतल्या फरकात आहे. पृथ्वीची जी बाजू चंद्राकडे असते तिथले पाणी चंद्राला जरा जवळ, म्हणून त्यावर ओढ जास्त. पलीकडच्या बाजूचे पाणी जरा दूर, म्हणून तिथे ओढ कमी. पृथ्वीचा मध्य या दोहोंच्या मधोमध. परिणामी पाणी दोन्ही बाजूंना फुगते, चंद्रासमोर आणि चंद्राच्या पाठीमागेही. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने आपला किनारा दिवसातून दोनदा फुगवट्याखालून जातो. मधल्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला २४ तासांऐवजी सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात, म्हणून एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते.

हा ओढीतला फरक ओढणाऱ्या गोलाच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वर्गाच्या नव्हे, घनाच्या. वही काढा आणि गणित करा. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट. सूर्याचे अंतर चंद्राच्या सुमारे ३९० पट. ३९० चा घन ५ कोटी ९३ लाखांच्या वर जातो. २.७० ला ५.९३ ने भागा, उत्तर येते सुमारे ०.४६. म्हणजे चंद्राची भरती १ मानली तर सूर्याची ०.४६. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघेही एका रेषेत येतात, तेव्हा बेरीज १.४६, हे उधाण. अष्टमीला ते काटकोनात असतात, तेव्हा वजाबाकी ०.५४, हा भांग. पहिल्याला दुसऱ्याने भागले की उत्तर २.७ येते.

हे झाले कागदावरचे गणित. आता मुंबई बंदराचे सरासरी आकडे घ्या. उधाणात पाणी सुमारे ४.४ मीटरपर्यंत चढते आणि ०.८ मीटरपर्यंत उतरते, म्हणजे चढ-उतार ३.६ मीटर. भांगात ते ३.३ मीटर ते १.९ मीटर, म्हणजे अवघा १.४ मीटर. ३.६ भागिले १.४ करून पाहा. २.६ च्या जवळ येते ना? समुद्राचा तळ खडबडीत, किनारा वेडावाकडा, आणि तरीही हे दोन आकडे इतके जवळ यावेत याचे मला वीस वर्षे शिकवूनही नवल वाटते. (अपोलो बंदरावर भरतीची मोजणी १८७८ पासून होत आली आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींत तिची गणना होते.)

तुम्ही विचाराल, मग गोव्याला इतका चढ-उतार का दिसत नाही? तिथे उधाणातही तो दोन मीटरच्या आसपास राहतो, आणि भावनगरला मात्र दहा मीटरच्या घरात जातो. मुंबईसमोर समुद्राचा तळ सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत उथळच आहे, दक्षिणेकडे हा उथळ पट्टा अरुंद होत जातो. उथळ पाण्यात शिरलेली भरतीची लाट उंचावते, आणि खंभातच्या आखातासारख्या नरसाळ्यात सापडली की आणखीच.

आता पंचांगाकडे वळू. कोकणात एक जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणून पूर्ण भरती तीन वाजता, दुपारी आणि रात्रीही. अष्टमी असेल तर सहा वाजता. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तर सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब एकच. पूर्ण भरतीत सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी.

ठोकताळा सुरेख आहे, पण त्यात एक लहानशी खोट आहे. ती तुम्हीच शोधावी असे मला फार वाटते, तरी सांगून टाकतो. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींत चंद्र सूर्याच्या मागे अर्धे वर्तुळ पडतो, म्हणजे १२ तास. १२ तासांचे १५ भाग केले तर एका तिथीला ४८ मिनिटे येतात, आणि पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटे कमी धरली की पंधरवड्यात पाऊण तासाची तूट पडते. म्हणूनच पाऊणपटीच्या हिशेबाने पौर्णिमेला सव्वाअकरा आणि लगेच दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, अशी दीड तासाची उडी येते. समुद्र अशी उडी मारत नाही. प्रत्यक्षात पौर्णिमा-अमावास्येला मुंबईची भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास असते. शिवाय रोजचा उशीरही सारखा नसतो. उधाणाच्या दिवसांत तो कमी, भांगाच्या दिवसांत जास्त. तेव्हा ठोकताळ्यावर अर्ध्या-पाऊण तासाची सूट ठेवावी. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, ती पाहावीत. सहल मुलांची असेल तर ती पाहावीतच.

या हिशेबातून आमच्या गावाची एक गंमत बाहेर येते. मुंबईला उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, आणि उधाणाची ओहोटी पहाटे आणि सायंकाळी साडेपाच-सहाच्या आसपास. दर पौर्णिमेला आणि दर अमावास्येला हेच. प्रत्येक बंदराची अशी आपली एक ठरलेली वेळ असते. म्हणजे सायंकाळी चौपाटीवर जास्तीत जास्त वाळू उघडी हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या धरावी, आणि अष्टमीला सायंकाळी गेलात तर पाणी वर आलेले असणार. गुरुजींनी ठरवलेला दिवस नेमका शुक्ल अष्टमीचा होता!

समुद्राची वेळ मोठमोठ्यांनाही पाळावी लागते. २०२५ साली लालबागच्या राजाची मिरवणूक अनंत चतुर्दशीला निघाली आणि दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली. ती भाद्रपदी पौर्णिमा होती. आपला ठोकताळा लावा. सव्वाअकरा, म्हणजे सकाळभर पाणी चढतच होते, तेही उधाणाचे. मूर्तीला ताटकळावे लागले आणि विसर्जन व्हायला रात्र झाली. लाखो माणसे किनाऱ्यावर उभी होती, पण पाणी उतरायचे तेव्हाच उतरले. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते, म्हणजे ते नेहमी उधाणातच यायचे, हेही लक्षात घ्या.

आणि २६ जुलै २००५. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर इकडे कुलाब्याला शंभरही नाही. मुंबईची पावसाळी गटारे समुद्रात आणि खाड्यांत उघडतात. त्यांतल्या अनेकांची तोंडे भरतीच्या पातळीखाली असल्याने भरतीत ती पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. त्या दुपारी समुद्राला भरती होती. पुढे काय झाले ते तुमच्या आईवडिलांना विचारा. आता दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस महानगरपालिका जाहीर करते. त्या दिवसांत, किंबहुना सगळ्या पावसाळ्यातच, सहल समुद्राकडे आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. भरतीची वेळ गणिताने कळते, वाऱ्याने उठणाऱ्या लाटेची कळत नाही.

इतके मी ठासून का सांगतो, त्याला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी अकरा विद्यार्थ्यांना घेऊन अलिबागला गेलो होतो. तिथला कुलाबा किल्ला समुद्रात आहे, पण ओहोटीला चालत जाता येते. लाँचच्या वेळा मी पाठ केल्या होत्या. दहाच्या सुमारास आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून हसत-खेळत किल्ल्यात गेलो. गणपतीचे देऊळ पाहिले, तटावर डबे सोडले. पाऊण वाजता बाहेर येतो तो मधली वाळू दिसेना. दोन मुले "गुडघाभर तर आहे, सर" म्हणून पुढे झाली. मी त्यांना थांबवले नाही. चाळीस-पन्नास पावलांवर पाणी त्यांच्या कमरेवर गेले आणि पायाखालची वाळू सरकू लागली. जाळे आवरत बसलेला एक कोळी ओरडत धावत गेला आणि दोघांना दंडाला धरून मागे घेऊन आला. मला तो एवढेच म्हणाला, "मास्तर, आज पंचमी ना?"

पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. पूर्ण ओहोटी साडेनऊच्या सुमारास होऊन गेलेली. आम्ही आत शिरलो तेव्हाच पाणी वळले होते. शेवटी एका होडीवाल्याने दोन खेपांत आम्हाला किनाऱ्यावर आणले. लाँच चुकली, घरी पोहोचायला मध्यरात्र झाली आणि पालकांना तोंड दाखवताना मला जे वाटले ते मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवशी मला बारांशाचा नियमही माहीत नव्हता. दर्यावर्दी लोक तो वापरतात. ओहोटी ते भरती या सहा तासांत पाणी एकसारखे चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. पहिला तास पाहून माणूस म्हणतो, 'हळूच तर चढते आहे,' आणि तिथेच फसतो. मुंबईच्या उधाणाचा ३.६ मीटरचा चढ घेतला तर पहिल्या तासात पाणी ३० सेंटिमीटर चढते, तिसऱ्यात ९० सेंटिमीटर. (सरल आवर्त गती शिकलेल्या विद्यार्थ्यांना हे आकडे कुठून येतात ते सांगायला नको.) त्यातच पुळणीतले खोलगट भाग आधी भरतात. आपण उभे असतो तिथे कोरडे असते आणि परतीची वाट मात्र पाण्याखाली गेलेली असते.

आता गुरुजींना मी सुचवलेली आखणी सांगतो. दिवस माघी पौर्णिमेचा. पावसाळा नाही, आभाळ स्वच्छ. दुपारी बाराला मरीन ड्राइव्हच्या कठड्यामागे उभे राहून भरती पाहायची. कठड्याच्या अलीकडे, पलीकडच्या सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांवर पाय ठेवायचा नाही. हे ठोकळे लाटेचा जोर मोडण्यासाठी आहेत, बसण्यासाठी नाहीत. शेवाळाने ते किती निसरडे झालेले असतात हे घसरल्यावरच कळते. पाणी कठड्याखाली कुठवर आले आहे त्याची खूण मनात ठेवायची. ही सगळी जमीन, मरीन ड्राइव्हसुद्धा, १९२० नंतरच्या दशकांत समुद्र हटवून केलेली आहे.

मग ऊन टाळायला खोताच्या वाडीत यायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि ही वाडी वसली. खोत म्हणजे सारा वसूल करणारा. एकेकाळी इथे ६५ घरे होती, आता तिशीच्या आत उरली आहेत. उतरती कौले, लाकडी ओटे, बाहेरून चढणारे जिने. दुपारी एखाद्या ओट्यासमोर उभे राहिलात तर अंगाला वारा लागेल. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरून खारे वारे येतात, हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे. ही घरे पंख्याच्या आधीच्या काळात बांधली गेली, तेव्हा ओटे आणि खिडक्या मोकळ्या ठेवण्यामागे हाच वारा होता. एक विनंती, ही माणसांची राहती घरे आहेत. चाळीस मुलांनी एकदम गल्लीत शिरून खिडक्यांत डोकावू नये. दहा-दहाच्या गटांनी, हळू आवाजात जावे. पूर्वी मी गुरुजींना इथल्या अनंताश्रमात जेवायला पाठवले असते, पण ती खानावळ आता बंद झाली आणि तिच्या माशांच्या कालवणाची बरोबरी करणारे दुसरे काही मला सुचवता येत नाही.

चार वाजता निघावे. चर्नी रोड स्टेशनवरून पलीकडे, पायी पाव तासात चौपाटी. पाणी उतरत असेल, तेव्हा प्रयोगाला उत्तम वेळ. दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या आणाव्यात, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात, आणि दोन मीटरची दोरी. एकाने काठी समुद्राच्या बाजूला उभी धरावी, दुसऱ्याने दोरीच्या अंतरावर किनाऱ्याच्या बाजूला. दुसऱ्याने आपल्या काठीला डोळा लावून समुद्राकडच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणावे. ती रेषा त्याच्या काठीवर टोकापासून जितकी खाली येईल, तितकी वाळू त्या दोन मीटरांत उतरली. काठ्या पुढे पुढे सरकवत, पाण्याच्या काठापर्यंत आकडे टिपावेत आणि आलेख काढावा. समजा दर दोन मीटरला सहा सेंटिमीटर उतार आला. मग तासाला ९० सेंटिमीटर चढणारे पाणी वाळूवर तासाला ३० मीटर, म्हणजे मिनिटाला अर्धा मीटर पुढे येईल. तुमचा खरा आकडा काय येतो ते पाहा. काठ्या घेऊन कोणीही घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि जीवरक्षक 'मागे या' म्हणाला की आलेख अर्धा राहिला तरी मागे यावे.

सूर्यास्ताबद्दल गुरुजींनी विचारले होते. वर्षाचे बहुतेक दिवस चौपाटीवरून सूर्य समुद्रात बुडताना दिसत नाही, मलबारच्या टेकडीमागे जातो. सूर्य पाण्यात बुडतानाच पाहायचा असेल तर नरिमन पॉइंटच्या टोकाला जावे लागेल. पण माघी पौर्णिमेला मी मुलांना चौपाटीवरच थांबवीन आणि समुद्राकडे पाठ करून उभे करीन. सूर्य टेकडीमागे गेला की थोड्याच वेळात चर्नी रोडच्या बाजूने, इमारतींच्या वर पूर्ण चंद्र येतो. पाणी तेव्हा सर्वांत खाली असते आणि नुकते वळू लागलेले असते.

गुरुजींचे उत्तर आठवड्याने आले. तारीख बदलली होती. खाली एका विद्यार्थिनीच्या अक्षरात एक प्रश्न होता, 'सर, चंद्र उगवतो तेव्हा तो आमच्या अगदी बाजूला असतो. मग भरती तेव्हा का नसते, दुपारी बाराला का?' प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर वर येऊन गेले आहे. पृथ्वीचे चित्र काढा, दोन फुगवटे दाखवा, चंद्र क्षितिजावर असताना मुंबई कुठे येते ते पाहा, आणि मग मध्यरात्रीचेही पाहा.